हे कधीपासून चाललंय? रोजच्या सवयींची झडती कशी घ्यावी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग येतात, टर्निंग-बोअरिंग होऊन पुढं जातात. मशिनचं सगळं आमचे हे बघतात. चलन, बिलं, जीएसटी, पगार, उधारीचे फोन आणि कुणाची पोर आजारी आहे म्हणून कुणाला लवकर सोडायचं, हे माझ्याकडं. शॉपमधली पोरं मला वहिनी म्हणतात आणि काही बिघडलं की आधी माझ्या टेबलासमोर येऊन गप उभी राहतात. मग विचारपूस. ही विचारपूस करायची एक रीत असते. ती मी शॉपमध्ये शिकले आणि वापरली मात्र जास्त करून घरात. ज्यांना दिवस पुरत नाही, संध्याकाळी अंगात जीव राहत नाही आणि तरी 'आज नेमकं केलं काय' याचं उत्तर सापडत नाही, त्यांच्यासाठी ती इथं लिहिते. पहाटे पाचला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, असलं यात काही नाही.

'का'नं सुरुवात करू नका

कारखानदारीत 'पाच वेळा का' ही पद्धत सगळ्यांना पाठ असते. जपानच्या टोयोटा कंपनीतली. तिथले टाइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण असं: मशिन बंद का पडलं? लोड वाढून फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. का? पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा किस आत गेला. पहिल्या 'का'वर थांबलं तर माणूस फ्यूज बदलून घरी जातो आणि दोन-चार महिन्यांनी मशिन पुन्हा बंद पडतं.

मशिनला हे ठीक आहे, त्याला राग येत नाही. माणसाला 'का' विचारलं की तो कारण सांगत नाही, वकिली करतो. स्वतःला विचारलं तरी तेच. "मी रात्री एवढा वेळ मोबाईल का बघते?" असं मनात म्हटलं की लगेच उत्तर तयार: दिवसभर वेळ मिळत नाही म्हणून. झालं, खटला निकाली. आपणच आरोपी, आपणच वकील, आपणच न्यायाधीश.

त्याऐवजी विचारा, "हे कधीपासून चाललंय?" या प्रश्नात आरोप नाही. ऐकणारा आठवायला लागतो, आणि आठवताना खरी गोष्ट बाहेर येते.

आमच्या ऑफिसात एक जाडजूड आउटवर्ड रजिस्टर होतं. शॉपमधून बाहेर जाणारा प्रत्येक जॉब त्यात हातानं लिहायचा: नग, वजन, टेंपोचा नंबर, ड्रायव्हरची सही. चलन कॉम्प्युटरवर निघायचं ते वेगळंच. रोजचा पाऊण तास जायचा. मी लग्न होऊन या ऑफिसात बसायला लागले तेव्हापासून ते लिहीत होते. एकदा आमच्या जुन्या मिस्त्रींना विचारलं, हे रजिस्टर कधीपासनं आहे हो? ते म्हणाले, "वहिनी, जकात होती न्हवं, तवापासनं. नाक्यावर लफडं नको म्हणून थोरल्या मालकांनी चालू केल्यालं." जकात म्हणजे शहराच्या नाक्यावर मालावर घ्यायचा कर. ती जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली. 2015 ला बहुतेकांची एलबीटीही गेली. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. सरकारनं तीनदा कर बदलला, आणि आम्ही मात्र जकात नाक्याला दाखवायला रजिस्टर लिहीत बसलो होतो.

सवय अशीच असते. ती कधीतरी एका खऱ्या अडचणीवरचं उत्तर म्हणून येते. अडचण निघून जाते, जाताना कुणाला सांगून जात नाही, आणि उत्तर मागं राहतं.

आधी सवय हाताला लागू द्या

रजिस्टर टेबलावर दिसतं तरी. बाकीच्या सवयी दिसतही नाहीत. वेंडी वूड या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना तासातासाला 'आत्ता काय करताय, मनात काय चाललंय' हे डायरीत लिहायला लावलं. 2002 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोंदलेल्या कामांपैकी सुमारे 43 टक्के कामं जवळजवळ रोज, त्याच जागी होणारी निघाली, आणि ती करताना मन बऱ्याचदा भलतीकडंच होतं.

तासातासाला लिहिणं आपल्याला जमणार नाही. मी सांगते तेवढं करा. आठवडाभर दिवसातले तीनच तुकडे पकडा: उठल्यापासून आंघोळीपर्यंत, कामावर पोचल्यावरचा पहिला तास, आणि जेवण झाल्यापासून झोपेपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून घ्या, दुधाचा हिशेब लिहितो तसं. तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, कशाच्या पाठोपाठ केलं, कुठं केलं. चांगलं-वाईट लिहायचं नाही. 'उगीच', 'फालतू', 'आळस' हे शब्द आले तर खोडा. ती नोंद नाही, ती शिवी आहे.

'कशाच्या पाठोपाठ' हा रकाना सगळ्यात कामाचा. माझ्या पानावर काय निघालं बघा. उधारीचा फोन ठेवला की व्हॉट्सॲप. प्रत्येक फोननंतर. मेसेज आलेला नसला तरी. पैसे मागायला मला आजही अवघड जातं. समोरचा "बघू, पुढच्या आठवड्यात" म्हणाला की तोंडात एक चव येते, ती घालवायला मी पोरीच्या शाळेचा ग्रुप उघडायची. ग्रुपवर शंभर 'गुड मॉर्निंग'. हे कळल्यावर उपाय मोबाईलचा राहिला नाही, फोन करण्याचा झाला. आता उधारीचे सगळे फोन सकाळी अकराच्या आत, लागोपाठ, उभं राहून करते. एकदाच तोंड कडू होतं.

फ्रिजमधल्या भाजीचा खालचा कप्पा हेही असंच. शॉपमधून येताना रोज कोथिंबिरीची पेंडी घ्यायची, कारण मंडई वाटेवर. कप्प्यात आधीच्या दोन पेंड्या काळ्या पडलेल्या, एकीचं पाणी होऊन खालच्या टोमॅटोला लागलेलं. 'कधीपासून?' तर फ्रिज नव्हता तेव्हापासून. यावर मी जास्त लिहीत नाही, तुमच्या घरचा कप्पा तुम्हीच उघडून बघा.

तीन प्रश्न, आणि तिसऱ्याची तीन उत्तरं

सवय सापडली की क्रमानं विचारा. कधीपासून? तेव्हा अडचण काय होती? ती अडचण आज आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर लोक 'आहे' किंवा 'नाही' एवढंच म्हणतात. तिसरं उत्तर असतं: अधूनमधून येते. हे उत्तर कोल्हापूरकराला वेगळं समजावायला नको.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. ऑगस्ट 2019 चा महापूर आला तेव्हा मी रात्र-रात्र मोबाईल उशाशी घेऊन होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, राधानगरी धरणाची किती स्वयंचलित दारं उघडली, अलमट्टी धरणातून विसर्ग किती लाख क्युसेकचा. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43 फूट, हे इथं शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, माहेरी जायला वाट नाही, भावाचा फोन लागेना. अशा वेळी डोळे उघडल्याबरोबर मोबाईल बघणं ही सवय नव्हे, ती गरज होती. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच.

पण मग जानेवारीतही सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशाकडं जायचा. जानेवारीत पंचगंगेत गुडघाभर पाणी आणि जलपर्णी. बघायचं काय? तर बातम्या, कुणाचे स्टेटस, कुणाच्या लग्नाचे फोटो. उठल्यावरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं अशी जात. बरं, ती गेल्याचं दुःख एवढं नाही. उठता उठताच डोक्यात दुसऱ्याची गडबड शिरायची, आणि चहा उकळेपर्यंत मी कुणावर तरी चिडलेली असायची.

अडचण मोसमी आहे म्हटल्यावर सवयही मोसमी केली. जून ते सप्टेंबर मोबाईल उशाशी. नवरात्राचे घट बसले की तो बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या प्लगला. उठवायला साधं गजराचं घड्याळ आणलं. दोन-तीन आठवडे हात उशाकडं जायचाच, रिकामा परत यायचा. मग राहिलं. इच्छाशक्तीबिक्ती काही लागली नाही; मोबाईल सात पावलं लांब होता, आणि थंडीत सात पावलं पुष्कळ असतात.

पाण्याच्या बॅरलांचंही असंच झालं. मोरीत दोन निळे बॅरल कायम भरलेले. सासूबाई रोज तांब्यानं वरचं पाणी काढून नवं भरायच्या. मुलगी म्हणाली, टाकून द्या, आता थेट पाइपलाइन आहे. खरंय, काळम्मावाडी धरणाचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं. पण महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि ऐन पुरात शहराला प्यायला पाणी नाही, हेही आम्ही बघितलंय. तेव्हा बॅरल राहिले. पावसाळ्याच्या तोंडाला घासून भरायचे, दिवाळीला पालथे घालायचे. सासूबाईंची रोजची वाकून तांब्या मारायची कसरत आठ महिने वाचली, आणि त्यांना बॅरल टाकल्याचा घोरही नाही.

लाल टॅग: सवय मोडायची नाही, बाजूला ठेवायची

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं म्हणून शॉपमध्ये 'फाइव्ह एस' केलं, म्हणजे जागा नीटनेटकी लावायची जपानी पद्धत. त्यातली पहिली पायरी म्हणजे नको असलेलं वेगळं काढणं. आता शॉपमधलं एकही टूल कुठलाही मिस्त्री 'नको' म्हणत नाही. "राहू दे, लागतंय कवातरी." त्यावर युक्ती आहे लाल टॅगची. वस्तू फेकायची नाही. तिला दोरीनं लाल कागद बांधायचा, त्यावर तारीख आणि कुणी बांधला ते लिहायचं, आणि एका कोपऱ्यात नेऊन ठेवायची. ठरलेल्या तारखेपर्यंत कुणी मागितली तर परत जागेवर. नाही मागितली तर भंगारात. भांडण कुणाशी नाही.

सवयींना हेच करा. "आजपासून चहा बंद" असं म्हणू नका. जाहीर केलेली गोष्ट मोडली की लाज वाटते, लाज वाटली की माणूस सगळंच सोडतो. महिनाभरासाठी टॅग लावा. कागदावर लिहा: काय थांबवलं, कुठल्या तारखेपासून, निर्णय कुठल्या तारखेला. फ्रिजवर चिकटवा. महिनाअखेरीला एकच बघायचं: हे नसल्यामुळं काय अडलं?

इथं जपून. लगेच जे अडतं ते दिसतं. जे सावकाश अडतं ते दिसत नाही, आणि घोटाळा तिथं असतो.

त्या जकातीच्या रजिस्टरला मी लाल टॅग लावला. पहिले काही आठवडे स्वर्ग. पाऊण तास मोकळा, त्या वेळात बिलं वेळेवर, महिन्याच्या 11 तारखेचं जीएसटीचं रिटर्न दहालाच भरून मोकळी. कुणी रजिस्टर मागितलं नाही. मग एके दिवशी शॉपमध्ये आरडाओरडा. आलेला लॉट कडक निघाला, इन्सर्ट, म्हणजे मशिनवर धातू कापणारी पाती, फटाफट तुटायला लागले, दुपारपर्यंत पेटी संपली, पुढचे इन्सर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार. असे कडक लॉट पूर्वीही यायचे, पण तेव्हा ह्यांना आधी कळलेलं असायचं. कसं कळायचं, हे कुणालाच सांगता येईना.

शोधलं तर उत्तर रजिस्टरमध्ये होतं. म्हणजे लिहिलेलं नव्हतं. टेंपोवाले मामा सही करायला माझ्या टेबलापाशी यायचे, मी नोंद पूर्ण करेपर्यंत ते उभे, आणि उभ्या उभ्या बोलायचे. "वहिनी, फाउंड्रीत स्क्रॅप दुसरीकडनं घेत्यात आता, बीड कडक येणार बघा." मी रात्री जेवताना ते ह्यांच्या कानावर घालायची, हे इन्सर्ट मागवून ठेवायचे. रजिस्टर बंद झालं आणि मामा चलन घेऊन गेटवरूनच जायला लागले.

रजिस्टर परत चालू केलं नाही. टेबलाशेजारी एक स्टूल ठेवलं. मामा आले की स्टुलावर बसतात, अर्धा कप घेतात, फाउंड्रीची खबर देतात. म्हणून लाल टॅगच्या कागदावर मी आता चौथी ओळ लिहायला सांगते: ही सवय आणखी काय काय वाहून नेत होती? सिगरेट सोडणाऱ्याला विचारा. तंबाखू सुटते हो, पण टपरीवरचा मित्र सुटतो, आणि महिन्याभरात माणूस मित्रासाठी परत टपरीवर जातो. मित्राला दुसरीकडं भेटायची सोय आधी करायला हवी.

चहाचं मी असंच सोडवलं. संध्याकाळी पाचचा चहा मला झोपू देत नव्हता. कॅफीन निरोगी माणसाच्या रक्तात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या चहातलं निम्मं दहाला अंगात असतं. अमेरिकेतल्या 2013 च्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या कॅफीननंही झोप तासाहून जास्त घटली. पण तो डोस 400 मिलिग्रॅमचा होता, चार-पाच कप कॉफीएवढा. आपल्या अर्ध्या कपाला तोच हिशेब लावून घाबरू नका. नोंदीत दिसलं ते असं की पाचचा चहा मी अर्धाच पिते. मला हवा असायचा तो चहा नव्हता, खुर्चीतून उठायला निमित्त हवं होतं. आता पाचला शॉपमधून एक फेरी मारते, कूलंटच्या वासासकट. कप दुसऱ्यांच्या हातात.

किती दिवस लागतील?

एकवीस दिवसांचं कुणी सांगितलं तर सोडून द्या. 1960 च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जननं लिहून ठेवलं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळून पडला आणि उरलेलं जगभर फिरतंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तो 2010 मध्ये छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस, पण कुणाला 18, तर कुणाला 254 पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. सोपी गोष्ट लवकर, अवघड उशिरा. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. एवढंच लक्षात ठेवा.

सवयीचा खर्च कुणाच्या अंगावर?

उत्पादकता म्हटलं की लोक आपला वेळ मोजतात. घरात आपली सोय दुसऱ्याच्या वेळावर चालते, ते मोजत नाहीत. म्हणून हा प्रश्न स्वतंत्र विचारा.

आमच्याकडं रात्री तव्यावरची गरम भाकरी ताटात पडायची पद्धत. एक जेवायला येणार, त्याला दोन भाकरी. तासानं दुसरा, त्याला दोन. भाकरी करणारी शेवटी, एकटी, ओट्याला टेकून. कधीपासून? चुलीपासून. तेव्हा शेतातून माणसं जशी येतील तशी जेवायची. आता सगळे साडेआठला घरातच असतात, आपापल्या खोलीत. मी पानावर माझ्या वेळेसमोर लिहिलं: 'उभी, साडेसात ते पावणेदहा.' काही बोलले नाही, कागद फ्रिजवर लावला. ह्यांनी पाणी घेताना वाचला. आता भाकरी एकदम करून दुरडीत फडक्यात गुंडाळते आणि सगळे एकदम बसतो. तव्यावरच्या भाकरीची सर त्याला नाही, हे मीही मान्य करते. सोमवारी शॉपला सुट्टी असते, त्या दिवशी गरम भाकरी. आणि त्या दिवशी वाढतात हे.

दुसरं जरा अवघड. स्वयंपाकघराच्या खिडकीत गजाला अडकवलेला एक कप असायचा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. त्यांनी चहा प्यायचा, स्वतः विसळायचा, परत तिथंच. सासूबाईंना विचारलं, हे कधीपासून? "माझ्या सासूच्या वेळेपासनं." तेव्हा अडचण काय होती? त्या माझ्याकडं बघत राहिल्या. काही सवयींची अडचण मोठ्यानं सांगता येत नाही, एवढ्यावरूनच ती सवय कसली आहे हे कळतं. हे शहर शाहू महाराजांचं. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंना पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, स्वतः तिथं थांबून चहा प्यायले, बरोबरच्या बड्या मंडळींना पाजला. ही गोष्ट दर वर्षी महाराजांच्या जयंतीला, 26 जूनला, शहरभर सांगितली जाते. मी लक्ष्मीपुरीतून एकसारख्या कपांचा सेट आणला आणि सगळे एका ओळीत मांडले. खिडकीतला कप काढला. त्याला लाल टॅग नाही लावला. महिनाभर वाट बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हात लावू नये अशा सवयी

एकदा ही रीत हाताला बसली की माणसाला झपाटा येतो. दिसेल त्याला टॅग. माझ्या लेकीला आला होता. तिची नजर आजीवर गेली.

सासूबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला जातात. जाताना पेठेतल्या दोन-तीन उंबऱ्यांवर थांबणार, महाद्वारातून आत, दर्शन, येताना कपिलतीर्थ मंडईतून पावशेर काहीतरी. सगळं मिळून अडीच-तीन तास. लेक म्हणाली, आजी, मोबाईलवर रोज दर्शन दिसतं, एवढी गर्दी, गुडघे दुखतात, कशाला जातेस? सासूबाई पिशवी घडी करत म्हणाल्या, "मी काय देवीला नुसतं बघाय जातो व्हय? तिनं मला बघाय नको?"

आता यावर कुठला टॅग लावणार? त्या फेरीत त्यांचं चालणं होतं, बोलणं होतं, कुणाच्या घरी काय चाललंय ते कळतं, आणि येताना त्या गवार निवडून आणतात तशी मला आजवर जमलेली नाही. जी सवय करून आल्यावर माणूस जाताना होता त्यापेक्षा बरा दिसतो, तिला वेळेच्या तराजूत घालू नका. माझी दुपारची पंधरा मिनिटांची डुलकीही त्यातच येते, आणि यावर ह्यांचं मत विचारायचं नाही.

दुसऱ्याच्या सवयीला टॅग लावायचा अधिकार नाही, हा आमच्या घरात आता नियम आहे. प्रश्न विचारता येतो, टॅग ज्यानं त्यानं स्वतः बांधायचा. ह्यांना मी एवढंच विचारलंय की रंकाळ्याला दोन चकरा मारून येताना मिसळ खायची, तीही जादा कट घेऊन, हे कधीपासून चाललंय. ते म्हणाले, रंकाळा नंतरचा, मिसळ आधीची. मग फिरायला जाण्याची अडचण काय होती, असं विचारलं. त्यावर विचार करून सांगतो म्हणालेत.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर मोठी सवय घेऊ नका. जिच्यावर घरात भांडण नाही, जी मोडली तर कुणाला कळणारही नाही, अशी एक घ्या. कोथिंबीर चालेल. कागद, तारीख, चार ओळी. आणि निर्णयाची तारीख 11 किंवा 20 ठेवू नका. धंद्यातल्या माणसाला त्या दिवशी रिटर्नशिवाय काही सुचत नाही.